लहान पक्ष, संयुक्त सरकार आणि नदीचा प्रश्न

संयुक्त मंत्रिमंडळ ही गोष्ट महाराष्ट्राला नवी राहिलेली नाही. 1978 मध्ये पुरोगामी लोकशाही दलाचे, म्हणजे 'पुलोद'चे, सरकार आले. 1995 मध्ये युतीचे आणि 1999 मध्ये आघाडीचे सरकार झाले, आणि त्यानंतर कोणत्याही एका पक्षाला स्वतःच्या बळावर राज्य करता आलेले नाही. या अवधीत आपल्या राजकीय भाषेत काही शब्दही स्थिर झाले. 'घटक पक्ष' म्हणजे सरकारात सामील असलेला पक्ष. 'मित्रपक्ष' हा शब्द त्याहून सैल असून मैत्री मोडली तरी काही काळ तो वापरला जातो. 'बाहेरून पाठिंबा' देणारा मंत्रिपदे घेत नाही, पण सरकार पडू देत नाही. 'टेकू' हा त्याच पाठिंब्याचा विरोधकांनी वापरलेला पर्याय होय. शिवाय 'मोठा भाऊ' आणि 'लहान भाऊ' हे नाते आहेच. जागावाटपाच्या वेळी आपल्याकडे पक्ष एकमेकांस याच नात्याने ओळखतात.

ज्याचे मुख्य कार्य नद्या, हवा, जमीन आणि वने यांचे रक्षण हे आहे असा पक्ष मात्र या भावंडांत आजवर बसलेला नाही. युरोपातील कित्येक देशांत असे पक्ष मंत्रिमंडळात बसले, काही टिकले, काही निवडणुकीत पार धुऊन निघाले. आपल्याकडे याच्या जवळची उदाहरणे दोन आहेत. गोव्यातील गोवा फॉरवर्ड हा पक्ष प्रादेशिक अस्मितेचा होता, पण त्याच्या प्रचारात जमीन आणि माड यांना मोठे स्थान होते. दुसरे उदाहरण आमच्याच परिसरातील स्वाभिमानी पक्षाचे. तो शेतकऱ्यांचा पक्ष आहे. त्यास पर्यावरणवादी म्हणणे बरोबर होणार नाही. तथापि पंचगंगेच्या प्रदूषणाविरुद्ध ज्यांनी सातत्याने आंदोलने केली त्यांत या पक्षाचे कार्यकर्ते पुढे होते, आणि हा पक्ष दोन वेगवेगळ्या संयुक्त सरकारांशी घटक म्हणून निगडित होता. संयुक्त सरकारात लहान पक्षाचे वजन कशाने ठरते, आणि त्याच्या मागणीचे सरकारी दप्तरात काय होते, हे या उदाहरणांच्या आधारे पाहावयाचे आहे.

आरंभी एका शब्दाविषयी सांगितले पाहिजे. युरोपातील हे पक्ष स्वतःस 'हिरवे' म्हणवतात. जर्मनीतील 'ग्रून' हा पक्ष जानेवारी 1980 मध्ये कार्ल्सरूए येथे स्थापन झाला, तेव्हा त्या रंगाचा अर्थ अणुभट्ट्यांना, रासायनिक कारखान्यांना आणि अमर्याद उत्पादनाला विरोध असा होता. मराठीत 'हरित' हा शब्द त्याच्या आधीच एका दुसऱ्या गोष्टीने व्यापलेला होता. हरितक्रांती म्हणजे संकरित बियाणे, रासायनिक खत, पाटाचे पाणी आणि दुप्पट पीक. एकच रंग, पण दोन्ही भाषांत त्याचा रोख जवळजवळ परस्परविरुद्ध. कोल्हापूर जिल्ह्यात उद्या कोणी 'हरित पक्ष' काढला, तर बारमाही पाण्यावर ऊस पिकवणाऱ्यांचा हा पक्ष असावा असेच प्रथम कोणाच्याही मनात येईल. 'पर्यावरण' हा शब्दही गेल्या पन्नास-साठ वर्षांत शाळेच्या पुस्तकांतून आणि शासनाच्या कागदांतून रूढ झालेला आहे. नदीकाठचा माणूस 'प्रदूषण' म्हणतो तो वार्ताहराशी बोलताना. घरात तो पाणी काळे आले, पाण्याला वास मारतो, मासे तरंगले असे म्हणतो. ज्या प्रश्नाला लोकांच्या तोंडी स्वतंत्र नाव नाही, त्या प्रश्नाचा पक्ष उभा राहणे अवघड असते.

प्रश्न मात्र खराच आहे, आणि इचलकरंजीत तो किती खरा आहे हे 2012 मध्ये दिसून आले. त्या वर्षी दूषित पाण्यामुळे शहरात काविळीची मोठी साथ पसरली आणि माणसे दगावली. पंचगंगा प्रयाग चिखलीपाशी एकत्र होऊन कोल्हापूर शहराजवळून वाहते आणि तेथील सांडपाणी घेऊन खाली येते. कोल्हापुरात कसबा बावडा येथे दररोज 76 दशलक्ष लिटर सांडपाण्यावर प्रक्रिया करू शकेल असे केंद्र उभारण्यात आले. तरीही शहराच्या वाढीपुढे अशी केंद्रे नेहमी मागेच राहतात. वाटेत साखर कारखाने आहेत. मग इचलकरंजी येते. येथे हजारो यंत्रमाग असून कापडाला रंग देणारे आणि धुणारे कारखाने आहेत. पुढे शिरोळ तालुका, तेरवाडचा बंधारा, आणि शेवटी नरसोबाच्या वाडीला कृष्णेशी संगम. वरच्या गावाचे सांडपाणी ते खालच्या गावाचे पिण्याचे पाणी, असा हा क्रम आहे. आपली नदी विश्वासाची राहिली नाही म्हणून इचलकरंजीने आधी कृष्णेचे पाणी आणले, नंतर वारणेकडे पाहिले तेव्हा दानोळीकरांनी विरोध केला, आणि दूधगंगेवरील सुळकूड योजनेकडे वळताच कागल भागातून विरोध झाला. यांत एकही बाजू सर्वथा चुकीची म्हणता येत नाही, आणि म्हणूनच हा प्रश्न कोणत्याही एका पक्षाला सोयीचा नाही.

आता संयुक्त सरकारातील वजनाकडे वळू. लहान पक्षाचे वजन त्याला पडलेल्या मतांवर अवलंबून नसते. तो बाहेर पडल्यास सरकार पडते काय, या एका प्रश्नाच्या उत्तरावर ते अवलंबून असते. गोव्याचे 2017 चे उदाहरण या दृष्टीने अत्यंत स्पष्ट आहे. चाळीस जणांच्या विधानसभेत काँग्रेसला 17 आणि भारतीय जनता पक्षाला 13 जागा मिळाल्या. गोवा फॉरवर्डला अवघ्या तीन जागा होत्या. प्रचारात भाजपवर टीका करणारा हा पक्ष निकालानंतर मनोहर पर्रीकर यांच्या सरकारात सामील झाला आणि त्याचे तिन्ही आमदार मंत्री झाले. 2003 च्या घटनादुरुस्तीनुसार लहान राज्यांत मंत्र्यांची संख्या बारापर्यंतच असू शकते. म्हणजे तीन आमदारांच्या पक्षाकडे मंत्रिमंडळाचा चौथा हिस्सा आला. इतके वजन त्याला मिळाले ते त्याच्यावाचून बहुमत होत नव्हते म्हणून.

या वजनाचा उपयोगही झाला. 2016 मध्ये गोव्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यातून माड वगळण्यात आला होता. माड हा वृक्ष नव्हे, असा त्या दुरुस्तीचा आशय, आणि त्याचा व्यावहारिक अर्थ असा की माड तोडण्यास परवानगी नको. गोवा फॉरवर्डने त्यावर रान उठवले होते. नारळ हेच त्याचे निवडणूक चिन्ह होते. सरकारात आल्यावर 2017 मध्ये माड पुन्हा वृक्षांत गणला गेला. भाषेच्या अभ्यासकाला हे प्रकरण विशेष वाटते, कारण येथे सारा लढा एका व्याख्येसाठी होता. वनस्पतिशास्त्र काही म्हणो, कायद्यातील 'वृक्ष' या शब्दात माड मोडतो की नाही यावर कुऱ्हाड अवलंबून होती. मागणी इतकी नेमकी, एका शब्दापुरती असली की लहान पक्ष ती पदरात पाडून घेऊ शकतो.

पण त्याच पक्षाकडे नगरनियोजन खातेही होते, आणि 2018 मध्ये त्या खात्याच्या कायद्यात '16 ब' हे कलम घालण्यात आले. खाजगी जमीनधारकाच्या अर्जावरून प्रादेशिक आराखड्यातील जमिनीचा वापर बदलण्याची वाट या कलमाने मोकळी झाली. गोव्यातील पर्यावरणवादी संघटना त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेल्या. माड राखणाऱ्या पक्षाच्या खात्यातूनच जमिनीच्या रूपांतराचा रस्ता निघावा, हा विरोधाभास त्या पक्षाला शेवटपर्यंत सोडवता आला नाही. आमच्या मते पक्षाची खरी हानी येथे झाली. जुलै 2019 मध्ये मंत्रिपदे गेली ती नंतरची गोष्ट. त्या महिन्याच्या 10 तारखेस काँग्रेसचे 15 पैकी 10 आमदार भाजपमध्ये गेले. दोन तृतीयांशांचा हा आकडा असल्यामुळे पक्षांतरबंदी कायदा आड येत नव्हता. बहुमत हाती येताच मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी गोवा फॉरवर्डच्या तिन्ही मंत्र्यांना वगळले. वजन आकड्याने आले होते, आकड्यानेच गेले.

स्वाभिमानी पक्षाची स्थिती याच्या उलट होती. राजू शेट्टी 2009 आणि 2014 मध्ये हातकणंगले मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. इचलकरंजी याच मतदारसंघात येते. 2014 च्या आरंभी पक्ष महायुतीत गेला. परंतु त्या वर्षीच्या विधानसभेत त्याचा एकही आमदार नव्हता. भाजपचे 122 आणि शिवसेनेचे 63 सदस्य असताना या घटकाच्या जाण्याने सरकारचे काहीच बिघडणार नव्हते. जुलै 2016 मध्ये सदाभाऊ खोत विधान परिषदेमार्गे राज्यमंत्री झाले आणि कृषी व पणन ही खाती त्यांच्याकडे आली. पदरी आमदार नसताना मिळालेले मंत्रिपद हा मोठ्या पक्षाने दिलेला मान असतो, त्याला हक्काचे स्वरूप येत नाही. देणाऱ्याकडे ओढा वाढणे मग मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. जून 2017 च्या शेतकरी संपाच्या वेळी याचा कळस झाला. पक्षाचा मंत्री सरकारच्या बाजूस, तर पक्षाचा नेता शेतकऱ्यांच्या सुकाणू समितीत, असे दृश्य महाराष्ट्राने पाहिले. ऑगस्टमध्ये खोत यांची हकालपट्टी झाली आणि महिनाअखेर पक्ष महायुतीतून बाहेर पडला. सरकार जागचे हलले नाही. पुढे 2019 मध्ये महाविकास आघाडीशी नाते जुळले. त्या वेळी पक्षाचा एक आमदार होता, मंत्रिपद नव्हते. फेब्रुवारी 2022 मध्ये उसाचा रास्त व किफायतशीर दर दोन हप्त्यांत देण्याचा शासननिर्णय निघाला. एकरकमी दर ही तर संघटनेची मूळ मागणी. एप्रिलमध्ये पक्षाने आघाडी सोडली.

या दोन्ही पर्वांत पंचगंगेचे काय झाले? घटक असण्याचा लाभ नदीला झाला असे म्हणता येत नाही, आणि त्याचे कारण खात्यांच्या रचनेत आहे. नदीत सांडपाणी सोडणाऱ्यावर कारवाई करणारे प्रदूषण नियंत्रण मंडळ पर्यावरण खात्याच्या कक्षेत. नगरपालिकांचे सांडपाणी नगरविकास खात्याकडे. कारखाने उद्योग खात्याकडे, कापडाचे धोरण वस्त्रोद्योग खात्याकडे. साखर कारखाने सहकार खात्याकडे, आणि धरणातून नदीत पाणी केव्हा सोडायचे हे जलसंपदा खात्याकडे. नदी एक, तिचे मालक अर्धा डझन. यांत कृषी व पणन राज्यमंत्र्याने करण्यासारखे कितीसे होते? खुद्द पर्यावरण मंत्र्याच्या हाती तरी यातील एकच धागा येतो.

ही अडचण केवळ आपली नव्हे. हेसे या जर्मन राज्यात डिसेंबर 1985 मध्ये योश्का फिशर हे हिरव्या पक्षाचे पहिले मंत्री झाले. शपथविधीला ते पांढरे खेळाचे बूट घालून गेले आणि ते बूट आज संग्रहालयात आहेत. बुटांची चर्चा फार झाली, त्या मानाने खात्याची झाली नाही. फिशर पर्यावरण मंत्री होते, पण हानाऊ येथील प्लुटोनियमच्या कारखान्याचा परवाना अर्थखात्याच्या अखत्यारीत होता, आणि ते खाते मोठ्या भागीदाराकडे होते. याच वादावरून फेब्रुवारी 1987 मध्ये सरकार मोडले. हा धडा त्या पक्षाने लक्षात ठेवला. 2021 मध्ये संघराज्याच्या सरकारात जाताना त्याने अर्थव्यवस्था आणि हवामान ही दोन्ही एकाच मंत्रालयात जोडून घेतली. तरीही वित्त आणि वाहतूक ही खाती तिसऱ्या भागीदाराकडे गेली, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये ते सरकार पैशाच्याच प्रश्नावर फुटले.

आता करारांच्या भाषेकडे येतो. प्रस्तुत लेखकाच्या अभ्यासाचा विषय हाच असल्यामुळे येथे थोडे अधिक रेंगाळण्याची मुभा वाचकांनी द्यावी. आंदोलनाची भाषा आज्ञार्थी असते. 'सांडपाणी बंद करा', 'पाणी सोडा', 'भरपाई द्या'. यांत क्रियापद ठळक असते, आणि ज्याला उद्देशून बोलायचे तो समोर उभा असतो. हीच मागणी सरकारात गेली की तिचे रूप पालटते. 'सांडपाण्याबाबत आवश्यक ती कार्यवाही करण्यात येईल.' मराठीतील '-ण्यात येणे' हा प्रयोग शासनाच्या कागदांत एवढा रुजला आहे याचे कारण त्यात कर्ता सांगण्याची सक्ती नाही. 'शासनाकडून' किंवा 'मंडळातर्फे' असे लिहिता येते, पण बहुधा लिहिले जात नाही. क्रिया घडणार आहे, ती कोण घडवणार हे मात्र वाक्यात कोठेच नाही. त्यातच 'बंद करणे' या क्रियेची जागा 'कार्यवाही' हे नाम घेते. धोरण, आराखडा, समिती, उपाययोजना ही सारी नामे त्याच जातीची. क्रियापदाला काळ असतो, नामाला तो नसतो. म्हणून 'केव्हा' हा प्रश्न नामापाशी येऊन विरतो.

काही क्रियाविशेषणेही याच कामी येतात. जून 2017 मध्ये 'सरसकट' कर्जमाफीची मागणी 'तत्त्वतः' मान्य झाली, आणि ती 'निकषांसह' असेल असे सांगण्यात आले. प्रत्यक्षात दीड लाख रुपयांपर्यंतची अटी घातलेली माफी निघाली. एका शब्दाने सर्वांना आत घेतले, दुसऱ्याने दार लोटले, तिसऱ्याने कडी लावली. त्या वर्षी 'तत्त्वतः' हा शब्द गावोगाव थट्टेचा विषय झाला होता. सामान्य माणसाला व्याकरणाची परिभाषा येत नसली तरी शब्दाची गोम त्याला बरोबर कळते.

आयर्लंडच्या हिरव्या पक्षाने दोनदा भागीदारी केली आणि दोन्ही वेळच्या करारांची तुलना उद्बोधक आहे. 2007 मध्ये सहा सदस्यांनिशी तो सरकारात गेला. प्राचीन तारा टेकडीजवळून जाणाऱ्या महामार्गाला त्याचा कडवा विरोध होता. पण मावळत्या पर्यावरण मंत्र्याने जाता जाता त्या मार्गावरील एका पुरातन अवशेषाबाबतच्या आदेशावर सही केली आणि त्याच खात्यावर आलेल्या हिरव्या मंत्र्याला ती फिरवता आली नाही. कर्बकर मात्र त्या सरकारने आणला. पुढे बँका बुडाल्या, देश कर्जात गेला, आणि 2011 मध्ये पक्षाच्या सर्व जागा गेल्या. 2020 मध्ये बारा सदस्य निवडून आल्यावर पक्षाने करारात एक आकडाच लिहून घेतला: दूषित वायूंत दर वर्षी सरासरी सात टक्के घट. 2021 मध्ये त्याचा कायदा झाला, 2018 च्या तुलनेत 2030 पर्यंत 51 टक्के घट. आकडा आला, साल आले, कायद्याने बांधलेला कर्ता आला. नोव्हेंबर 2024 मध्ये पक्ष पुन्हा एका जागेवर उतरला, पण कायदा उभा आहे.

कायदाही अमर नसतो, हे बेल्जियमने दाखवले. तेथे 1999 ते 2003 या काळात हिरवे पक्ष सरकारात राहिले, अणुवीज टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा कायदा जानेवारी 2003 मध्ये करून घेतला, आणि त्याच वर्षीच्या निवडणुकीत फ्लेमिश भाषकांच्या हिरव्या पक्षाने सर्व जागा गमावल्या. 2025 मध्ये त्या कायद्यातील मूळ तरतुदी रद्द झाल्या. फिनलंडचा अनुभव वेगळा. तेथील पक्षाने नवी अणुभट्टी मंजूर झाल्यास बाहेर पडू असे सांगून ठेवले होते. मे 2002 मध्ये संसदेने 107 विरुद्ध 92 मतांनी ती मंजूर केली, पक्ष बाहेर पडला, आणि पुढच्या निवडणुकीत त्याच्या जागा 11 वरून 14 झाल्या. अणुभट्टी थांबली नाही. बाहेर पडण्याने पक्ष वाचतो, विषय वाचेलच असे नाही, आणि उलटही घडते. लहान पक्षाला या दोहोंत निवड करावी लागते, आणि ती सरकारात शिरण्यापूर्वी केलेली बरी.

इचलकरंजीसारख्या ठिकाणी ही निवड अधिकच कठीण आहे. ऊस उत्पादकांचा पक्ष साखर कारखान्याच्या सांडपाण्यावर एका मर्यादेपर्यंतच बोलू शकतो, कारण उसाचा दर त्याच कारखान्याने द्यायचा असतो. यंत्रमागावर पोट असलेल्या शहरात रंगाचे कारखाने बंद करा ही मागणी कामगाराच्या घरात गोड लागत नाही. म्हणून येथे जो कोणी हा विषय घेऊन एखाद्या संयुक्त सरकारात जाईल त्याला 'पंचगंगा प्रदूषणमुक्त करण्यात येईल' या वाक्यावर सही करून भागणार नाही. कोणत्या नाल्यावर, कोणत्या नगरपालिकेने किंवा महानगरपालिकेने, किती दशलक्ष लिटर क्षमतेचे केंद्र, कोणत्या खात्याच्या पैशातून, कोणत्या वर्षीच्या पावसाळ्यापूर्वी उभे करावयाचे, आणि कारखान्यांच्या सामुदायिक प्रक्रिया केंद्राचा खर्च मालक व शासन यांनी कोणत्या प्रमाणात सोसायचा, एवढे त्या वाक्यात यावे लागेल. वाक्य लांबेल, कानाला रुक्ष लागेल. परंतु तेरवाडच्या बंधाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला ते हातात धरून, यातील काय झाले आणि काय राहिले, हे ओळीवर बोट ठेवून विचारता येईल.